मोगलाक्वेनाचा डंपर : खाणीतल्या अवजड गाडीत फ्युएल सेल बसवण्याचे एक प्रकरण

६ मे २०२२ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतातील मोगलाक्वेना येथील प्लॅटिनमच्या खाणीत, राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांच्या उपस्थितीत, एक डंपर चालवून दाखवण्यात आला. २९० टन दगड घेतल्यावर त्याचे एकूण वजन ५१० टन भरत होते आणि त्याचे सोळा सिलिंडरांचे डिझेल इंजिन काढून टाकलेले होते. त्याच्या जागी हायड्रोजनवर वीज तयार करणारे फ्युएल सेल, म्हणजे पाठ्यपुस्तकी मराठीत इंधनघट, आणि सोबत लिथियम-आयन बॅटरी बसवली होती. अँग्लो अमेरिकन या खाण कंपनीने या प्रकल्पाला ‘न्यूजेन’ असे नाव दिले होते. मूळ गाडी कोमात्सु कंपनीची ९३०ई, शक्तियंत्रणेची जुळणी सिअ‍ॅटल येथील फर्स्ट मोड या कंपनीची, फ्युएल सेल कॅनडाच्या बॅलार्डचे, बॅटरी इंग्लंडच्या विल्यम्स अ‍ॅडव्हान्स्ड इंजिनिअरिंगची आणि हायड्रोजनची व्यवस्था फ्रान्सच्या एंजीची होती.

मोटारगाडीत किंवा बसमध्ये फ्युएल सेल बसवण्याचे अनुभव आता पुष्कळ आहेत. रस्ता सोडून चालणाऱ्या, दिवसरात्र राबणाऱ्या आणि चढ-उताराखेरीज दुसरे काही न करणाऱ्या गाडीत तो बसवताना मात्र प्रश्नांचा क्रमच बदलतो, आणि मोगलाक्वेनाचे प्रकरण त्या दृष्टीने फार बोलके आहे. पुढील विवेचनात गाडीची मुख्य आकडेवारी कंपन्यांनी जाहीर केलेली आहे. चढाचे, उष्णतेचे आणि हायड्रोजनचे हिशोब मी साध्या भौतिकशास्त्राने मांडले आहेत, त्यामुळे ते अंदाजी आहेत, पण निष्कर्ष बदलण्याइतके चुकीचे नाहीत.

खाण आणि गाडी

मोगलाक्वेना ही खाण मोकोपाने शहराच्या वायव्येस, बुशवेल्ड या प्रसिद्ध खडकसमूहाच्या उत्तर शाखेवर आहे. दक्षिण आफ्रिकेतील प्लॅटिनमच्या बहुतेक खाणी खोल, अरुंद आणि भुयारी आहेत. येथे मात्र धातुकाचा थर जाड आणि जमिनीजवळ असल्याने खुला खड्डा खणून काम चालते. खुल्या खाणीत खर्चाचे मोठे कलम वाहतुकीचे असते, कारण खड्डा जसा खोल जातो तसा प्रत्येक टन दगड अधिक उंचीवर चढवावा लागतो. चंद्रपूर-वणी पट्ट्यातील कोळशाच्या खुल्या खाणी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे दृश्य परिचित असेल. फक्त येथील डंपर त्याहून बराच मोठा आणि त्याचे एकेक चाक साडेतीन मीटरहून उंच, असे डोळ्यांसमोर आणावे लागेल. अशा आकाराचा एक डंपर वर्षाला नऊ-दहा लाख लिटर डिझेल सहज पितो.

फ्युएल सेलसाठी हीच गाडी निवडली गेली याचे कारण तिच्या मूळ रचनेत आहे. ९३०ई मध्ये डिझेल इंजिन चाकांना यांत्रिकपणे जोडलेलेच नसते. सुमारे २,००० किलोवॉटचे इंजिन जनित्र फिरवते, जनित्राची वीज मागच्या चाकांतील मोटरींना जाते आणि मोटरी चाके फिरवतात. आपल्या रेल्वेची डिझेल इंजिने ज्या तत्त्वावर चालतात तेच हे तत्त्व आहे. त्यामुळे इंजिन आणि जनित्र काढून त्या ठिकाणी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने तेवढी वीज आणून दिली, तर मोटरींच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. गिअर बॉक्स, क्लच, प्रोपेलर शाफ्ट यांपैकी कशालाही हात लावावा लागत नाही.

या गाडीचा दुसरा विशेष उतारावर दिसतो. उतरताना चाकांतील मोटरी उलट जनित्राचे काम करतात आणि गाडीला आवर घालतात. ती वीज घेणारे गाडीवर कोणी नसल्याने केबिनशेजारच्या मोठ्या पेटीतील रोधकांच्या जाळ्यांत ती नेऊन जाळली जाते आणि पंखे ती उष्णता हवेत सोडून देतात. कसारा घाट उतरणारे आधुनिक विद्युत इंजिन ब्रेक लावताना वीज वरच्या तारेत परत पाठवते; खाणीतल्या डंपरला परत पाठवायला तार नाही. म्हणजे या गाडीत बॅटरी बसवण्याचे सयुक्तिक कारण फ्युएल सेलचा विचार मनात येण्यापूर्वीपासून उभे होते. हा मुद्दा प्रकरणाच्या शेवटी पुन्हा लागणार आहे.

शंभर मीटर चढाचा हिशोब

जाहीर झालेल्या माहितीनुसार नव्या यंत्रणेची एकूण शक्ती २ मेगावॉट होती. त्यातील ८०० किलोवॉट फ्युएल सेलकडून आणि १.२ मेगावॉट बॅटरीकडून येत होते. बॅटरीची साठवण एक हजार युनिटांहून अधिक होती. (येथे युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातले युनिट, एक किलोवॉट-तास.) पूर्ण २ मेगावॉटचे फ्युएल सेल का बसवले नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे आणि त्याचे उत्तर चढाच्या हिशोबातच सापडते.

खाणीतील रस्त्याचा चढ साधारणपणे दहास एक ठेवतात. ५१० टनांची गाडी शंभर मीटर उंच चढवायला केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १३९ युनिटे लागतात. त्या उंचीसाठी एक किलोमीटर रस्ता कापावा लागतो आणि खाणीतला रस्ता डांबरी नसल्याने चाकांचा घर्षणरोध वजनाच्या दोन टक्के धरला तर आणखी २८ युनिटे जातात. मोटरी आणि इन्व्हर्टर यांतील तूट मिळवली की विजेच्या मुख्य वाहिनीवरून सुमारे २०० युनिटे द्यावी लागतात. २ मेगावॉट उपलब्ध असतील तर हे काम सहा मिनिटांत होते. म्हणजे भरलेला डंपर ताशी दहा किलोमीटरने, माणसाच्या सावकाश धावण्याच्या वेगाने, वर येतो.

या सहा मिनिटांत फ्युएल सेल ८० युनिटे देतो आणि उरलेली १२० बॅटरीतून निघतात. वर दगड ओतल्यावर २२० टनांची रिकामी गाडी तेवढेच उतरते तेव्हा ६० युनिटांची स्थितिज ऊर्जा मोकळी होते; रस्ता आणि यंत्रणा आपापला वाटा घेऊन त्यातील सुमारे ३७ युनिटे बॅटरीत परत पडतात. बाकीची ८३ युनिटे आणि पंखे, पंप, स्टिअरिंग यांचा खर्च फ्युएल सेलने पुढची खेप भरेपर्यंत पुरवायचा. शॉवेलखाली, म्हणजे दगड भरणाऱ्या यंत्राखाली, उभे राहणे, रांगेत थांबणे, सपाट रस्ता आणि दगड ओतणे यांत मिळून जेवढी मिनिटे जातात तेवढ्यात ८०० किलोवॉटचा घट हे काम निवांत करू शकतो. म्हणजे चढावर लागणारी शक्ती मोठी असली तरी पूर्ण फेरीची सरासरी बरीच कमी असते, आणि फ्युएल सेलचे माप या सरासरीशी जुळवायचे असते. २ मेगावॉटचे घट बसवले असते तर फेरीचा बराचसा वेळ त्यातील अर्ध्याहून अधिक नुसतेच वाहून न्यावे लागले असते.

बॅटरीचे माप उलट विचाराने ठरते. शंभर मीटर चढाला तिच्यातून फक्त १२० युनिटे निघतात, म्हणजे साठवणीच्या बाराएक टक्के. मग इतकी मोठी बॅटरी कशासाठी? कारण १.२ मेगावॉट शक्ती सलग देताना आणि उतारावर तितकीच घेताना ती तापू नये आणि अशा फेऱ्या दिवसरात्र करूनही तिचे आयुष्य पुरेसे राहावे. येथे बॅटरी टाकीसारखी नव्हे तर कमानपट्ट्यासारखी वापरलेली आहे. निव्वळ बॅटरीवर ही गाडी चालवली असती तर शंभर मीटरच्या पाच-सहा खेपांनंतर ती चार्जिंगला उभी करावी लागली असती, आणि उभा डंपर म्हणजे रिकामी शॉवेल.

फ्युएल सेलच्या स्वभावालाही ही विभागणी मानवते. या प्रकारच्या घटात बहुवारिकाचा (पॉलिमरचा) पातळ पडदा असतो. एका बाजूस हायड्रोजन प्लॅटिनमच्या कणांवर फुटतो, त्याचे प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेने फिरून येतात आणि पलीकडे हवेतील ऑक्सिजनशी मिळून पाणी तयार होते. भाराखाली एका घटाचा विद्युतदाब जेमतेम ०.६५ ते ०.७ व्होल्ट, म्हणून शेकडो घट एकावर एक रचून एक मॉड्यूल बनते आणि शंभर-शंभर किलोवॉटची अशी अनेक मॉड्यूल येथे समांतर जोडलेली होती. झपाट्याने वरखाली होणारा भार या घटाला सोसत नाही. मागणी एकदम वाढली की वायू पोहोचण्यापूर्वी विद्युतप्रवाह ओढला जातो आणि पडद्याचा काही भाग उपाशी राहतो. भार अजिबात नसताना घटाचा विद्युतदाब चढतो आणि प्लॅटिनम विरघळू लागते, त्याच्याखालचा कार्बन झिजतो. चालक पेडल कसेही दाबो, ते धक्के बॅटरीने झेलायचे आणि घटाला हळूहळू बदलणारे, मधल्या पट्ट्यातले काम द्यायचे, हे या जोडीचे सूत्र आहे.

उतारावर मात्र एक पेच पडतो. ताशी तीस किलोमीटरने उतरणाऱ्या रिकाम्या डंपरच्या मोटरींकडूनच बॅटरीला झेपेल तेवढी, म्हणजे सुमारे १.२ मेगावॉट वीज येत असते. त्याच वेळी फ्युएल सेलही पूर्ण जोमाने चालू राहिला तर दोघांना ठेवायला जागा नाही. म्हणून उतारापूर्वीच घटाचा भार खाली आणायचा, पण शून्यावर न्यायचा नाही, आणि माथ्यावर पोहोचताच बॅटरी भरून टाकण्याचा मोह टाळायचा. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर धरणात जागा राखून ठेवतात तसाच हा प्रकार आहे. नियंत्रक संगणकाला रस्त्याचा पुढचा भाग आधी माहीत असेल तर हे सोपे होते, आणि खाणीत रस्ता ठरलेला असल्यामुळे ते माहीत असते. शहरातल्या गाडीला ही सोय नाही.

उष्णता

अशा प्रकल्पात बाहेरच्या माणसाचे लक्ष हायड्रोजनच्या टाक्यांकडे जाते. जुळणी करणाऱ्याची झोप मात्र रेडिएटर उडवतो. ८०० किलोवॉट वीज देताना निम्म्याच्या आसपास कार्यक्षमतेचा घट साधारण तेवढीच, म्हणजे ८०० किलोवॉट उष्णताही निर्माण करतो. घरातले दोन किलोवॉटचे चारशे गीझर एकाच वेळी चालू असल्यासारखे हे आहे.

डिझेल इंजिनही उष्णता फेकते, किंबहुना एकूण अधिक फेकते, पण त्यातला मोठा वाटा तापलेल्या धुरावाटे परस्पर आकाशात जातो. फ्युएल सेलच्या निकासनळीतून कोमट, दमट हवा आणि पाणी बाहेर येते. त्यातून फारशी उष्णता निघत नाही. जवळजवळ सगळी उष्णता कूलंटमधून काढावी लागते. पुन्हा डिझेल इंजिनाचे पाणी ९५ अंशांच्या घरात असते, तर फ्युएल सेलचे कूलंट ७० अंशांच्या पुढे फारसे जाऊ देता येत नाही, कारण पडदा वाळला की प्रोटॉन वाहून नेण्याची त्याची क्षमता घटते. लिम्पोपोच्या उन्हाळ्यात बाहेर ३५ अंश असताना डिझेलच्या रेडिएटरला साठ अंशांचा फरक मिळतो, फ्युएल सेलच्या रेडिएटरला पस्तीस. तेवढीच उष्णता काढायला जाळीचे क्षेत्रफळ आणि हवा दोन्ही वाढवावे लागतात. पंखे वाढले की तेही याच यंत्रणेची वीज खातात.

कूलंटही साधे चालत नाही. ते उच्च विद्युतदाबाच्या घटांच्या अगदी अंगावरून वाहत असल्याने विद्युतवाहक असून भागत नाही. क्षारमुक्त द्रव वापरावा लागतो आणि नळ्यांमधून, रेडिएटरच्या धातूतून त्यात सुटत राहणारे आयन गाळून काढणारा फिल्टर सतत मध्ये ठेवावा लागतो. रेडिएटर गळला म्हणून जवळच्या नळाचे पाणी ओतणारा मेकॅनिक (आणि आपल्याकडे कोणत्या मेकॅनिकने ते केलेले नाही?) या गाडीचे काही क्षणांत मोठे नुकसान करू शकतो. इन्सुलेशनवर नजर ठेवणारी यंत्रणा गाडी तत्काळ थांबवेल हे खरे, पण मग ती खड्ड्याच्या मधल्या चढावरच थांबेल.

हवा, धूळ आणि धक्के

८०० किलोवॉटला तासाला सुमारे ४८ किलो हायड्रोजन लागतो आणि त्याच्या जोडीला, गरजेच्या दुप्पट पुरवठा धरला तर, तासाला तीन टनांहून अधिक हवा. खाण समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर असल्याने हवा विरळ आहे. कॉम्प्रेसरला अधिक फिरावे लागते आणि तोही घटाचीच वीज घेतो.

ही हवा खाणीतली आहे. डिझेल इंजिनाला धुळीचे कण गाळले की पुरते. फ्युएल सेलला कण तर चालत नाहीतच, पण नायट्रोजन आणि गंधकाची ऑक्साइडे किंवा अमोनिया यांचा दहा लाखांत एखादा अंशही प्लॅटिनमच्या पृष्ठभागाला किंवा पडद्याला बाधतो. खुल्या खाणीत दगड फोडायला अमोनियम नायट्रेटवर आधारित स्फोटके वापरतात आणि सुरुंग उडाल्यानंतर कधी कधी दिसणारा नारिंगी-तपकिरी धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. भोवती इतर सगळे डंपर डिझेलवरच चालत असतात, त्यांचाही धूर असतो. म्हणून कणांच्या फिल्टरमागे हे वायू शोषून घेणारा रासायनिक थर लागतो, आणि तो केव्हा संपला हे धुळीच्या फिल्टरसारखे नुसते पाहून कळत नाही. घटाचे आयुष्य प्रयोगशाळेत मोजलेल्या तासांइतके भरणार की नाही, याचा निकाल बऱ्याच अंशी या स्वस्त, दुर्लक्षित पेटीत लागतो, असे माझे मत आहे.

धक्क्यांचे म्हणावे तर डंपरला सर्वांत मोठा धक्का चालताना नव्हे, उभा असताना बसतो. शॉवेल एका वेळी कित्येक टन दगड हौद्यात सोडते. त्यातही पहिली बादली रिकाम्या लोखंडावर पडते तेव्हा संपूर्ण गाडी मागच्या चाकांवर बसते आणि परत उसळते. शेकडो पातळ पट्ट्या दाबून, बोल्टांनी आवळून बनवलेल्या रचनेत हायड्रोजन अडवणाऱ्या सीलचा घेर फार मोठा असतो, आणि त्यांपैकी एकही सील हलून चालत नाही. मॉड्यूल रबरी आधारांवर ठेवणे, नळ्यांना लवचीक वळणे देणे, गळती ओळखणारे संवेदक जास्तीत जास्त उंच जागी लावणे हे उपाय सर्वज्ञात आहेत. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका असल्याने तो वरच जाणार. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही आणि हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत तो पेट घेतो, म्हणून वरचा मार्ग नेहमी मोकळा ठेवावा लागतो.

टाकी

शंभर मीटरच्या एका फेरीचा निव्वळ खर्च, इतर यंत्रे धरून, सुमारे १८० युनिटे होतो. एक किलो हायड्रोजनपासून घटातून सोळा-सतरा युनिटे मिळतात, म्हणजे फेरीला अकरा किलो हायड्रोजन. डिझेल डंपरला याच फेरीत पन्नासेक लिटर डिझेल लागले असते. वजनात हायड्रोजन स्पष्टपणे जिंकतो: अकरा किलो विरुद्ध बेचाळीस किलो. पण अवजड वाहनांत प्रचलित असलेल्या ३५० बार दाबाखालीही अकरा किलो हायड्रोजन ४६० लिटर जागा व्यापतो, शिवाय त्या टाकीच्या जाड कार्बन-तंतूच्या भिंती वेगळ्या.

मूळ ९३०ई वर साडेचार हजार लिटरहून अधिक डिझेल मावते. तेवढ्या कामाचा हायड्रोजन जवळपास एक टन भरेल आणि त्याला चाळीस घनमीटर टाक्या लागतील. २९० टन दगड वाहणाऱ्या गाडीवरही इतकी जागा नाही. त्यामुळे डिझेल डंपर ज्या सवयीने एकदा टाकी भरून सबंध दिवसपाळी ओढतो ती सवय सोडावी लागते. अधिक वेळा, कमी वेळात भरणे भाग पडते आणि भरण्याचे केंद्र डंपरच्या वाटेवरच असावे लागते. म्हणजे फ्युएल सेलची जुळणी गाडीपुरती न राहता खाणीच्या वाहतूक-नियोजनात शिरते.

हायड्रोजन कोठून

येथपर्यंतचे प्रश्न कठीण असले तरी अभियंत्यांचे होते आणि त्यांची उत्तरे मिळाली. डंपर भरून चढला. पुढचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे.

खाणीवर ३.५ मेगावॉटचा इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारे यंत्र, उभारला होता. एक किलो हायड्रोजन काढून दाबाखाली भरायला सुमारे ५५ युनिटे धरली तर तो अखंड चालून दिवसाला दीड टन हायड्रोजन देईल. वर्षाला नऊ-दहा लाख लिटर डिझेल पिणाऱ्या डंपरची जागा घ्यायला दिवसाला ५७० किलोच्या आसपास हायड्रोजन लागेल. म्हणजे हे केंद्र दोन-तीन डंपरांना पुरते. कंपनीचा इरादा मोगलाक्वेनाचे चाळीस डंपर बदलण्याचा होता. चाळीसांना रोज सुमारे २३ टन हायड्रोजन आणि त्यासाठी रोज साडेबारा लाख युनिटे वीज लागते. खाणीसाठी योजलेले १०० मेगावॉटचे सौरऊर्जा केंद्र लिम्पोपोच्या लख्ख उन्हातही दिवसाला सरासरी सहा लाख युनिटांच्या आसपास देईल, म्हणजे निम्मी. आणि तीही केवळ दिवसा, त्यामुळे इलेक्ट्रोलायझर चौपट क्षमतेचे हवेत. पाण्याचा प्रश्न तुलनेने लहान आहे: किलोला नऊ लिटर या रासायनिक किमान प्रमाणाने रोज दोन लाख लिटर, मराठवाड्यातल्या उन्हाळ्याच्या भाषेत दहा हजारी वीस टँकर. कोरड्या मुलखात ते डोळ्यांवर येते, पण खाण इतर कामांसाठी वापरते त्या पाण्यापुढे ते किरकोळ आहे.

उरलेली वीज राष्ट्रीय ग्रिडवरून घेतली तर काय होते, हा हिशोब या प्रकरणातला सर्वांत अप्रिय आकडा देतो. दक्षिण आफ्रिकेची ग्रिडची वीज ऐंशी टक्क्यांहून अधिक कोळशावर तयार होते. एका युनिटामागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शंभर मीटरच्या फेरीला लागणाऱ्या अकरा किलो हायड्रोजनसाठी सहाशे युनिटे, म्हणजे सहाशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. पन्नास लिटर डिझेल जाळून तो सुमारे १३५ किलो होतो. म्हणजे निकासनळीतून निव्वळ पाणी सोडणारा डंपर कोळशाच्या विजेवरील हायड्रोजन घेऊन चालला, तर डिझेल डंपरच्या चौपट प्रदूषण करतो. फक्त ते खाणीपासून दूर, औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून होते. यात फ्युएल सेलचा दोष नाही. सहाशे युनिटे घालून मोटरींपाशी १८० मिळतात, हा त्या साखळीचा गुणधर्म आहे, आणि म्हणून सौरऊर्जा केंद्राला या योजनेत पूरक भाग न मानता पहिली अट मानायला हवे होते. डंपर आधी आला, कारण डंपर दाखवता येतो.

तुलनेसाठी त्याच प्रांतातील उदाहरण आहे. फालाबोर्वाच्या तांब्याच्या खाणीत १९८० च्या दशकात चढाच्या रस्त्यावर विजेच्या तारा टाकून डंपर ट्रॉलीबससारखे चालवले गेले. तेथे तारेतली बहुतेक वीज सरळ मोटरीत जाते. तारा मात्र रस्त्याला बांधून ठेवतात आणि खड्डा वाढला की रस्ता सरकतो, म्हणून प्रत्येक खाणीला ते जमत नाही. हायड्रोजनच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा मुद्दा रास्त होता. आणखी एक मुद्दा ते उघडपणे मांडत. खाण प्लॅटिनमची, आणि घटाला प्लॅटिनम लागते. एका डंपरच्या ८०० किलोवॉटमागे ते काही शे ग्रॅमच असेल, पण असे डंपर आणि त्यापेक्षा कितीतरी अधिक ट्रक जगभर चालू लागले तर धातूला नवी बाजारपेठ मिळते. त्यामुळे या गाडीचा खर्च अंशतः वाहतुकीच्या आणि अंशतः विक्रीच्या खात्यावर टाकण्याजोगा होता. केवळ वाहतुकीच्या खात्यावर तो बसला असता का, याबद्दल मला शंका आहे.

पुढे

जानेवारी २०२३ मध्ये अँग्लो अमेरिकनने न्यूजेनचा व्यवसाय फर्स्ट मोडमध्ये विलीन केला आणि त्या कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला. संयुक्त कंपनीचे मूल्य तेव्हा दीड अब्ज डॉलर धरले गेले आणि पुढील सुमारे पंधरा वर्षांत जगभरच्या आपल्या खाणींतील चारशेच्या आसपास डंपर बदलून घेण्याचा करार झाला. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत बीएचपी या कंपनीने अँग्लो अमेरिकनला विकत घेण्याचे प्रस्ताव दिले. ते नाकारताना अँग्लोने स्वतःच्या व्यवसायाची फेरमांडणी आणि प्लॅटिनमचा विभाग वेगळा करण्याचा निर्णय जाहीर केला. डिसेंबर २०२४ मध्ये फर्स्ट मोडने अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिची मालमत्ता आणि तंत्रज्ञान कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतले. प्लॅटिनमचा विभाग २०२५ च्या मध्यास व्हाल्टेरा प्लॅटिनम या नावाने स्वतंत्र झाला आणि मोगलाक्वेनाची खाण त्याच्याकडे गेली.

या घटनाक्रमात गाडीच्या जुळणीवर ठपका ठेवण्यासारखे मला काही दिसत नाही. ८०० आणि १,२०० किलोवॉटची विभागणी, चढासाठी बॅटरी आणि सरासरीसाठी घट, हे निर्णय आजही कोणी नव्याने हिशोब मांडला तरी फारसे बदलणार नाहीत. दिवाळखोरीपूर्वीच फर्स्ट मोडने आपले लक्ष दुसऱ्या संचाकडे वळवले होते, आणि कमिन्सने जे घेतले त्यात तोच मुख्य होता: याच वर्गाच्या डंपरमध्ये डिझेल इंजिन जागच्या जागी ठेवून त्याच्या जोडीला बॅटरी बसवायची, उतारावरची वीज रोधकांच्या जाळीत न जाळता तिच्यात साठवायची आणि चढावर परत द्यायची. शंभर मीटरला रिकाम्या गाडीची ३७ युनिटे, म्हणजे फेरीमागे नऊ-दहा लिटर डिझेल. त्यासाठी खाणीत इलेक्ट्रोलायझर, दाबाच्या टाक्या किंवा नवे इंधन केंद्र यांपैकी काहीही उभारावे लागत नाही.